लांबच्या छोट्या गावातलं कॉलेज घ्यायचं की नाही, हे कसं ठरवावं

बारावीचा निकाल लागला की आमच्या भांडुपच्या सोसायटीत दोन सल्ले फिरायला लागतात. एक, "मुंबई सोडून कुठं त्या आडगावात?" आणि दुसरा, "जाऊ दे, होस्टेलला राहिला की पोरगा सुधारतो." दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी ते गाव पाहिलेलं नसतं. माझ्या मुलीपासून सुरुवात झाली, मग दिराचा मुलगा, मग शेजारपाजारची मुलं. बारा वर्षांत नऊ मुलांबरोबर मी अशी कॉलेजं पाहून आले. पाच जण गेले, चार मुंबईतच राहिले. माझा अनुभव इंजिनिअरिंगचा आहे, पण फार्मसी किंवा कृषीला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिल्यांदा तुलना नीट मांडा. एका बाजूला ते गाव आणि दुसऱ्या बाजूला व्हीजेटीआयसारखं मुंबईतलं नामांकित कॉलेज, असं मनात धरून बसू नका. गेल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात. आपल्या पर्सेंटाइलला घराजवळ खरोखर काय लागेल ते त्यात बघा आणि तिथं पोचायला लोकल, रिक्षा, चालणं मिळून रोज किती तास जातील ते लिहा. जाऊन-येऊन चार तास निघाले, तर ते कॉलेजही लांबचंच आहे.

गाव लहान म्हणून नाक मुरडू नका. दापोलीला आजही रेल्वे नाही, खेडला उतरून एसटी धरावी लागते. तरी १९७२ पासून तिथं कृषी विद्यापीठ आहे. रायगडातल्या लोणेऱ्याला १९८९ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे आणि ते मुंबई-गोवा महामार्गावर आहे.

कागदपत्रं एका संध्याकाळी बघून होतात. एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं, मानांकन कॉलेजला नव्हे, शाखेला मिळतं, म्हणून आपल्या शाखेचं विचारा. पदवी कुठल्या विद्यापीठाची मिळणार ते बघा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठाच्याच हद्दीत येतात, पण काही कॉलेजं लोणेऱ्याच्या विद्यापीठाला जोडलेली असतात. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. होस्टेल आणि मेसचा खर्च त्यावर वेगळा धरा.

आता प्रत्यक्ष जाऊन बघणं. इथं मी सपशेल फसले होते.

मुलीच्या वेळी आम्ही मे महिन्यात गेलो. कॉलेजनं स्टेशनवर गाडी पाठवली, प्रयोगशाळा दाखवल्या, आमरसाचं जेवण घातलं. होस्टेल स्वच्छ होतं, कारण त्यात कोणी राहतच नव्हतं. मी खूश होऊन परतले. प्रवेशानंतरच्या पहिल्याच शनिवारी मुलीचा फोन आला, "आई, इथं कोणीच नाहीये." बाकीच्या मुली तीस-चाळीस किलोमीटरवरच्या. शनिवारी दुपारच्या एसटीनं त्या घरी जायच्या आणि सोमवारी सकाळी डबा घेऊन परत यायच्या. एवढ्या मोठ्या इमारतीत उरायच्या सहा जणी. रविवारी रात्री मेस बंद. तीन रविवार तिनं बिस्किटांवर काढले आणि मला सांगितलं चौथ्या रविवारी. रेक्टर म्हणाले, "रविवारी मुलं घरी जातात ना, मॅडम." त्यांचं काही खोटं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम ठरला: शनिवारी दुपारी पोचायचं, सोमवारी दुपारी निघायचं, आणि वरच्या वर्गांचे तास चालू असतानाच जायचं. सुट्टीतलं कॉलेज बघायला जाणं म्हणजे तिकिटाचे पैसे वाया. कॉलेजची गाडी घेऊ नका, ओळखीच्याची तर नकोच. रेल्वेनं किंवा एसटीनं जा, फाट्यावर उतरा, तिथून वडाप, म्हणजे शेअर जीप, मिळते का ते बघा. गावात रात्री थांबणारी मुक्कामी एसटी येते का आणि शेवटची गाडी कधी सुटते, हे स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारा. मुलाला रात्री ताप आला तर हे वेळापत्रकच उपयोगी पडतं. जवळचं उपजिल्हा रुग्णालय किती लांब आहे, तेही तिथंच विचारून घ्या.

प्राचार्यांना भेटायचं तर भेटा, पण खरी माहिती गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर मिळते. तिसऱ्या वर्षाची मुलं गाठा. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलंत तर "चांगलंय काकू" एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा विचारा, मागच्या सत्रात किती विषयांना शिक्षक उशिरा आले? तासिका तत्त्वावरचे, म्हणजे कायम नसलेले, तासाप्रमाणे पैसे मिळणारे किती? असे शिक्षक चांगलं शिकवत नाहीत असं मुळीच नाही, पण दुसरीकडं कायमची नोकरी लागली की ते मध्येच जातात आणि गावात बदली माणूस पटकन मिळत नाही. कंपन्या इथं येतात, की अनेक कॉलेजांच्या एकत्र मुलाखतींसाठी (पूल कॅम्पस) रात्रीच्या गाडीनं पुण्याला जावं लागतं? "शंभर टक्के प्लेसमेंट"चा फलक दिसला तर त्याखाली उभं राहून हाच प्रश्न विचारा.

मुलगी असेल तर लायब्ररी आणि होस्टेल या दोन्हींच्या बंद होण्याच्या वेळा एकत्र विचारा. लायब्ररी नऊपर्यंत उघडी आणि मुलींच्या होस्टेलचं गेट सातला बंद, असं मी दोन ठिकाणी पाहिलंय. माहितीपत्रकात फक्त लायब्ररीची वेळ छापलेली होती.

रविवारी संध्याकाळी मुलाला चार तास एकटं सोडा. तुम्ही लॉजवर झोपा. तो परत आला की "आवडलं का?" विचारू नका, तुमच्या तोंडाकडं बघून तो उत्तर देईल. "काय केलंस?" एवढंच विचारा. कोणी व्हॉलीबॉल खेळून येतो, कोणी नदीपर्यंत जाऊन येतो. दिराचा मुलगा चारही तास स्टँडवर मोबाइल बघत बसला होता. मी घरी सांगितलं, हा काही टिकणार नाही. तो गेला, चारही वर्षं राहिला आणि आता सुट्टीत मित्रांना भेटायला तिकडंच पळतो. तेव्हा माझ्या अंदाजावर जाऊ नका, पण ते चार तास द्याच.

हे सगळं प्रवेशासाठी कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म भरायच्या आधी उरका. जागावाटपाची यादी लागल्यावर हातात जेमतेम दोन-चार दिवस असतात, त्यात गाव बघून होत नाही. पहिल्या पसंतीला टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. म्हणून न पाहिलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर कधीही टाकायचं नाही, एजंटानं कितीही गळ घातली तरी.

खर्च मांडताना घरी येण्या-जाण्याच्या फेऱ्या धरा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढं मुलींच्या बाबतीत हलकं जातं.

आणि कोकणातलं कॉलेज नक्की झालंच, तर प्रवेशाची पावती हातात पडली त्याच दिवशी गणपतीची तारीख बघा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि त्या दिवसांची तिकिटं काही मिनिटांत संपतात. आख्खी मुंबई कोकणात उतरत असताना आपलं पोर उलट्या दिशेनं घरी येणार असतं, म्हणून घरी येतानाची गाडी सोपी. पण चाकरमानी कोकणात जात असतानाच त्याला कॉलेजला परतायचं असेल, तर सगळी गर्दी त्याच्याच दिशेला असते, तेव्हा तारखा जुळवून दोन्ही तिकिटं एकदमच काढा.