रेझिनची मॉडेल-इमारत तुटली, तर गोंद कोणता?

प्लास्टिक किटचं पॉलिस्टायरीन सिमेंट, म्हणजे प्लास्टिकची मॉडेल जोडायचा गोंद, बाजूला ठेवा. ते प्लास्टिकच्या कडा विरघळवून एकजीव करतं, आणि या इमारतींचं पॉलियुरेथेन रेझिन त्यात विरघळतच नाही. वाळल्यावर सांधा पक्का वाटतो, पण इमारत उचलली की तुकडा हातात येतो. लाकडाचा पांढरा गोंदही नको, त्याला पाणी शोषणारा पृष्ठभाग लागतो.

उरले दोन: सुपरग्लू आणि दोन नळ्यांचा इपॉक्सी. आधी तुकडे कोरडेच जुळवून पाहा. सांधा घट्ट बसला आणि फट दिसली नाही, तर सुपरग्लू. कडा चुरल्या असतील, टवके उडाले असतील, तर इपॉक्सी.

तुटलेली बाजू पॉलिश पेपरने घासू नका. तिथले उंचवटे एकमेकांत बसतात म्हणूनच तुकडा नेमका जागेवर येतो. जुना गोंद असेल तर ब्लेडने खरवडा. अ‍ॅसिटोन नको, त्याने शेजारचा रंगही जातो. नवं, न रंगवलेलं किट असेल तर सुटे भाग आधी कोमट साबणपाण्याने धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य राहिलं, तर कुठलाच गोंद धरत नाही.

सुपरग्लू पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून थर जितका पातळ तितकी पकड चांगली. जाड थर आतून ओलाच राहतो. मध्यम दाट किंवा जेल प्रकार एकाच बाजूला, लहान ठिपक्यांनी लावा आणि मिनिटभर न हलवता दाबून धरा. पाण्यासारखा पातळ प्रकार मात्र तुकडे जुळवल्यावर सांध्याच्या रेषेला टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो. दगडाची भुकटी मिसळलेल्या जड शोभेच्या इमारतींची तुटलेली बाजू खडूसारखी असते आणि ती हा पातळ गोंद पिऊन टाकते, तिथे जेल किंवा इपॉक्सीच. सांध्याभोवती पांढरट धूर बसतो तो गोंदाच्या वाफेमुळे. काम हवेशीर जागी करा आणि इमारत लगेच डब्यात बंद करू नका.

सुपरग्लूची खरी उणीव ठिसूळपणा. धुराडं, मनोऱ्याचं टोक असे बाहेर आलेले भाग एका धक्क्यात पुन्हा तुटतात. त्यांना पितळी तारेची पिन घाला: 0.8 मिमी तार, 1 मिमी भोक, दोन्ही बाजूंना 4-5 मिमी खोल. एका भोकाच्या तोंडावर रंगाचा ठिपका द्या आणि दुसरा तुकडा त्यावर टेकवा, समोरची जागा आपोआप उमटते. पिन मात्र इपॉक्सीतच बसवा.

इपॉक्सीचे दोन्ही भाग अगदी सारखे घ्या आणि मिनिटभर नीट घोटा. हार्डनर (घट्ट करणारा भाग) जास्त घातला म्हणून तो लवकर वाळत नाही, उलट कायमचा चिकट राहतो. ‘5 मिनिटांचा’ म्हणजे हाताळायला तेवढाच वेळ. पूर्ण ताकद यायला 24 तास द्या. सांधा जुळवायला वेळ लागणार असेल तर 30 मिनिटांचा घ्या. गोंद घट्ट होईपर्यंत तुकडे मास्किंग टेपने बांधून ठेवा. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. उडालेल्या टवक्यांसाठी त्याच इपॉक्सीत टाल्कम पावडर मिसळून दाट भर करा.

ही भर घट्ट झाल्यावर घासताना 400 नंबरचा वॉटर पेपर, मग 800, दोन्ही ओले. रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क हवाच.