वाईनची द्राक्षं: छाटणीची तारीख धरण्याआधी रानाची उंची आणि रात्रीची थंडी बघा

परतीचा पाऊस अजून रेंगाळतोय आणि तासगाव, पलूस, मिरज पूर्व, कवठेमहांकाळ भागात ऑक्टोबर छाटणीच्या तारखा ठरू लागल्यात. ज्यांच्याकडं शिराझ, काबर्ने सोविन्यों, सोविन्यों ब्लांक किंवा शेनिन ब्लांकची बाग आहे, त्यांनी एक सवय आधी सोडावी. शेजाऱ्याची सुपर सोनाका (खाण्याच्या द्राक्षाची जात) छाटली म्हणून आपलीही छाटायची, हे वाईनच्या बागेला चालत नाही. खाण्याच्या द्राक्षात आकार आणि गोडी बघतात. वाईनच्या द्राक्षात गोडीसोबत आंबटपणाही शिल्लक लागतो, आणि तो राखते ती रात्रीची थंडी.

हे नीट कळायला अर्जेंटिनाचा मेंडोझा प्रांत बघावा, कारण तिथली ठेवण आपल्याशी बरीच जुळते. पॅसिफिकवरून येणारे ओले वारे अँडीज पर्वत अडवतो आणि पलीकडं वर्षाला साधारण 200 मिमी पाऊस पडतो. बागा जगतात त्या अँडीजच्या बर्फाचं पाणी कालव्यांनी आणून. आपल्याकडं सह्याद्री हेच काम करतो. महाबळेश्वरला 5000 मिमीच्या वर पाऊस, तर माण, आटपाडी, जतला 500 च्या आसपास. आणि तोच घाटमाथ्यावरचा पाऊस कोयना-कृष्णेतून टेंभू, म्हैसाळ योजनांनी उचलून दुष्काळी रानात येतो. कोरडी हवा आणि हुकमी पाणी ही द्राक्षाला हवी तशी जोडी आहे.

पण अर्जेंटिनात सगळीकडं एकच द्राक्ष नाही. सान हुआन प्रांत जास्त उष्ण, तिथं त्या देशाचा बहुतेक बेदाणा तयार होतो. मेंडोझातलं उको खोरं साधारण 900 ते 1500 मीटर उंचीवर, तिथं लाल वाईनची नावाजलेली मालबेक पिकते. ही जात 1853 च्या सुमारास फ्रान्सहून गेली. मूळच्या बोर्दो भागात समुद्राकाठची दमट हवा तिला सोसायची नाही, आणि 1956 च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या तिच्या बागा मोठ्या प्रमाणावर गेल्या. अँडीजच्या पायथ्याला, कोरड्या उंच रानात मात्र तिचं सोनं झालं.

आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांतही असाच फरक आहे. दर 100 मीटर चढाला तापमान अर्ध्या-पाऊण अंशानं उतरतं. कृष्णाकाठच्या खोल काळ्या रानात वेल माजतो, शेंडा थांबत नाही, घडात दाट सावली राहते. खानापूरचं पठार, खटाव-माणचे मुरमाड उतार यांवर पाण्याचा निचरा चांगला आणि रात्री गार. नवी लागण करायची असेल तर माझं मत या उतारांकडं आहे. कवठेमहांकाळ, जतच्या सखल तापट रानात बेदाण्याची चांगली बाग असेल, तर ती वाईनसाठी मोडू नका. फेब्रुवारी-मार्चचा तिथला कोरडा वारा बेदाण्यालाच जास्त उपयोगी आहे.

एक गोष्ट मात्र तिथल्यापेक्षा वेगळी. मेंडोझात हिवाळा वेलाला झोपवतो, वर्षाचं वेळापत्रक हवामानच ठरवतं. आपला वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करतो. पिकायचा महिना आपल्या कात्रीवर ठरतो, म्हणून तारीख महत्त्वाची. मण्यात पाणी उतरल्यापासूनचा, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यापासूनचा काळ शक्यतो थंडीत यावा, मार्चचं ऊन लागायच्या आत तोडा व्हावा. काबर्ने उशिरा पिकते, ती आधी छाटा. पांढऱ्या जाती लवकर येतात, त्यांना थोडं थांबलं तरी चालतं. मुरमाड उतारावर छाटणी आधी घेता येईल. काळ्या रानात पाऊस उघडू द्या, नाहीतर पोंग्यापासून (कोवळ्या फुटीपासून) फुलोऱ्यापर्यंत डाऊनी (केवडा रोग) आणि गळकूज (घड गळणं-कुजणं) पाठ सोडत नाही.

छाटणीआधी काडी तपासणी करून घ्याच. काडी आडवी कापून बघा. साल तपकिरी आणि आतला गाभाही तपकिरी झाला असेल तर काडी पिकली. गाभा हिरवट-पांढरा असेल तर तो भाग कच्चा, छाटणी त्याच्या अलीकडं, पिकलेल्या भागावर घ्या. प्रयोगशाळेत डोळे फोडून घड कितव्या डोळ्यावर आहे ते कळतं, मग छाटणी किती डोळ्यांवर घ्यायची ते ठरवा. अंदाजानं कात्री चालवली की पुढं घड जिरले (सुटलेच नाहीत) म्हणून हळहळ.

पेस्टिंगला, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला औषध लावताना, हायड्रोजन सायनामाइड वापरलं तर हातमोजे, चष्मा लागतोच. पेस्टिंग करणाऱ्या माणसानं आदल्या दिवसापासून पुढचे काही दिवस दारू अजिबात घेऊ नये. या औषधासोबत ती जिवावर बेतू शकते. मजुरांना हे आधी सांगा.

मणी फुगवायला जीए (जिबरेलिक आम्ल हे संजीवक), गर्डलिंग (खोडाची साल गोल काढणं) हे वाईनच्या बागेत नको. मणी लहान आणि साल जाड हवी, लाल वाईनचा रंग सालीतच असतो. ओळ उत्तर-दक्षिण असेल तर घडाजवळची पानं फक्त पूर्वेकडची काढा. पश्चिमेची राहू द्या, दुपारचं ऊन घड भाजतं.

बागेत घडाच्या उंचीला, सावलीत, कमाल-किमान तापमापक टांगा आणि डिसेंबरपासून रोजची नोंद ठेवा. पाणी उतरल्यावर आठवड्याला वेगवेगळ्या वेलांचे मणी घेऊन ब्रिक्स (रसातली साखर) आणि पीएच (आंबटपणाचं माप) मोजा. लाल जातींना ब्रिक्स 22 ते 24 आणि पीएच साडेतीनच्या आसपास असावा. मणी चिरडून बी बघा. हिरवी असेल तर थांबा, तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली की तोडा धरा, तोही पहाटे, फळ गार असताना.

नवी लागण करणाऱ्यांनी वायनरीशी करार लेखी केल्याशिवाय एकही खड्डा घेऊ नये. 2001 च्या राज्याच्या वाईन धोरणानंतर बऱ्याच बागा लागल्या आणि पुढं मागणी घटली तशा त्या काढाव्याही लागल्या. वाईनचं द्राक्ष बाजारात खायला खपत नाही. करारात जात, ब्रिक्स, दर, तोड्याची तारीख आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे सगळं लिहून घ्या.