मृत्युपत्राचे एक्झिक्युटर झालात? मग या चुका टाळा

मामांनी किंवा जिवलग मित्रानं मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे मालमत्तेची व्यवस्था लावणारा माणूस) म्हणून आपलं नाव घालतो म्हटलं, की नाही म्हणवत नाही. ते गेल्यावर बँक, सोसायटी, आयकर, कोर्ट असे हेलपाटे सुरू होतात. आणि कधीतरी नातेवाइकांतून प्रश्न येतोच, "यातून तू किती घेतलेस?" या एका प्रश्नापायी सख्खी भावंडं बोलेनाशी होतात, म्हणून पैशांची गोष्ट आधी.

सर्वांत वाईट चूक म्हणजे स्वतःच्या कष्टांची किंमत स्वतःच ठरवून ती रक्कम मृताच्या पैशांतून काढणं. मोबदला मृत्युपत्रात लिहिलेला असेल तर तो घेण्यात काही गैर नाही. लिहिलेला नसेल, तर वकील, कोर्ट फी, मूल्यांकन, प्रवास हा रास्त खर्च पावत्यांसह वळता करून घ्या आणि तिथेच थांबा. सगळे वारस सज्ञान असून आपण होऊन काही द्यायला तयार असतील, तर आधी सगळ्यांची लेखी संमती घ्या. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३०९ प्रमाणे ॲडमिनिस्ट्रेटर जनरलसाठी (मृतांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा सरकारी अधिकारी) ठरलेल्या दरापेक्षा जास्त कमिशन एक्झिक्युटरला घेताच येत नाही. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांची इथे हमखास गफलत होते. न्यूयॉर्कच्या कायद्यात पहिल्या १ लाख डॉलरवर ५ टक्के आणि पुढे कमी होत जाणारी अशी टक्केवारीच दिली आहे. पुण्यातल्या फ्लॅटला ती लागू नाही.

मृत्युपत्र करणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे: रक्कम लिहून ठेवा. "योग्य तो मोबदला" असं मोघम लिहू नका. एक्झिक्युटरला एखादी वस्तू किंवा रक्कम ठेवत असाल, तर ती कामाबद्दल की प्रेमापोटी, तेही स्पष्ट करा. कारण कलम १४१ प्रमाणे एक्झिक्युटर नेमलेल्या माणसानं काम स्वीकारलं नाही, तर त्याच्या नावे ठेवलेलं त्याला मिळत नाही.

दुसरी चूक घाईची. तेराव्यालाच दागिने आणि ठेवी वाटून मोकळं व्हायचं, आणि चार महिन्यांनी कर्जाची नोटीस दारात. देणी फेडण्याचा क्रम कायद्यानं ठरवला आहे: आधी अंत्यविधीचा खर्च, मग प्रोबेटचा (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला), मग नोकरमाणसांचा शेवटच्या तीन महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, त्यानंतर बाकीची कर्जं. वाटप त्याही नंतर. मृत्यूपासून वर्ष होईपर्यंत वाटप करायला तुम्ही बांधील नाही, हे तगादा लावणाऱ्यांना शांतपणे सांगा. तुमच्या चुकीच्या वाटपानं नुकसान झालं, तर ते तुमच्या खिशातून भरून द्यावं लागू शकतं.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समजही सोडा. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. नॉमिनीच्या हाती आलेली रक्कम मृत्युपत्राप्रमाणेच पुढे जायला हवी.

प्रोबेटबद्दल सध्या बराच गोंधळ आहे. मुंबईसारख्या शहरांत प्रोबेट आवश्यक करणारं कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये कायद्यातून वगळलं गेलं. याचा अर्थ प्रोबेट निरुपयोगी झालं असा नाही. एखादा वारस सहीबद्दल शंका घेत असेल, तर प्रोबेट घेतलेलं बरं. ते मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय मिळत नाही. मात्र मृत्युपत्र खरं आहे एवढंच त्यातून ठरतं. फ्लॅट मुळात मृताच्या मालकीचा होता का, हा वाद ते सोडवत नाही. साक्षीदार कुठे आहेत याचा शोध मात्र पहिल्याच आठवड्यात घ्या. कोर्टात निदान एका साक्षीदाराची गरज लागते, आणि साक्षीदार बहुधा मृताच्याच वयाचे असतात.

हिशेब वेगळ्या वहीत आणि व्यवहार शक्यतो वेगळ्या खात्यातून करा. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टाला द्यायचा असतो. मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न आणि त्यानंतरचं उत्पन्न आयकरासाठी वेगळं दाखवावं लागतं; सीएला ती तारीख आधी सांगा.

हे सगळं झेपणार नसेल, तर कशालाही हात लावण्याआधी लेखी नकार द्या. अर्धवट कारभार करून अंग काढून घेतलं, तर त्याबद्दल जाब द्यावा लागतो. नकार देताना घरच्यांशी बोलून घ्या, कारण एकदा रीतसर नाकारलं की त्या मृत्युपत्राचं प्रोबेट एक्झिक्युटर म्हणून तुम्हाला पुन्हा मागता येत नाही.