सबफॉर्म रिकामा, बेरजेत #एरर

सोसायटीच्या हिशेबासाठी ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) फॉर्म आहे: वर सभासद, खाली सबफॉर्ममध्ये (फॉर्मच्या आत बसवलेला दुसरा फॉर्म) त्याच्या पावत्या, कोपऱ्यात त्यांच्या बेरजेवरून येणारी बाकी. एकही पावती नसलेला सभासद उघडला की बाकी दाखवणाऱ्या चौकटीत #एरर. सगळे आधी एनझेड लावून बघतात, पण इथे त्याचा उपयोग नाही. एनझेड (Nz) हे फंक्शन 'नल'चं, म्हणजे नोंदीतल्या रिकाम्या जागेचं, शून्य करतं. इथे किंमत नल नसते, ती नसतेच. आमच्या सबफॉर्मला 'अलाऊ ॲडिशन्स' (नवी नोंद घालू देणारं सेटिंग) नो आहे. नोंद नाही आणि नवी घालायचीही सोय नाही, म्हणजे बेरजेला हात घालायला काहीच उरत नाही. (नवी ओळ घालता येत असेल तर हा घोळ होत नाही, सबफॉर्मला नोंदी पुरवणारी क्वेरीच रीड-ओन्ली, म्हणजे बदल न करता येणारी, असेल तर मात्र होतो.)

उपाय: मुख्य फॉर्मवरच्या चौकटीत आयआयएफ (IIf, 'असं असेल तर हे, नाहीतर ते' सांगणारं फंक्शन) घातलं. सबफॉर्मच्या रेकॉर्डसेटक्लोनचा (त्याच्या नोंदींची प्रत) रेकॉर्डकाउंट, म्हणजे नोंदींची संख्या, शून्याहून जास्त असेल तर सबफॉर्मच्या फूटरमधली (तळपट्टीतली) बेरीज, नाहीतर ०. त्यात नाव सबफॉर्म कंट्रोलचं (मुख्य फॉर्मवरची सबफॉर्म धरणारी चौकट) द्यायचं, आतल्या फॉर्मचं नव्हे. दोन्ही वेगळी असू शकतात. रिपोर्टमध्ये नोंदी आहेत की नाहीत हे बघायचं काम 'हॅजडेटा' ही प्रॉपर्टी करते, ते सुटसुटीत.

आणखी एक खोडी: एक गणित अडलं की ॲक्सेस पुढची गणितंही सोडून देतं. त्यामुळे चांगल्या चौकटीतही #एरर दिसतो. आधी मूळ चौकट शोधा.