चुनखडीच्या माळाला गोव्याची माती समजू नका: या चुका टाळा

गोव्यात राहून घाटापलीकडे आटपाडी, जत, सांगोला अशा कोरड्या तालुक्यांतले माळरान सांभाळणाऱ्या कुटुंबांपैकी आमचे एक आहे. माझ्या अनुभवात तिथल्या बहुतेक चुका निष्काळजीपणातून होत नाहीत. इथल्या जांभ्या मातीने हाताला लावलेल्या सवयी आपण तिकडे घेऊन जातो, आणि तिथेच घोटाळा होतो.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्याने मातीतले कॅल्शियम धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, म्हणून आपली मोरड (उंचावरची) जमीन तांबडी आणि आम्लधर्मी आहे. घाटाच्या पर्जन्यछायेत 500 ते 600 मिलिमीटरच पाऊस होतो. तेवढ्या पाण्यात चुना विरघळतो खरा, पण वाहून न जाता ओल जिथवर पोहोचते तिथेच पुन्हा साका धरतो. त्याचेच पुढे चुनखडे, पांढरी शेडवट माती आणि काही ठिकाणी पहारीलाही दाद न देणारा थर बनतो.

पहिली चूक खडा ओळखण्यात होते. आपल्याकडचा खडा लोहाचा असतो. तिकडचा काही बेसाल्टचा मुरूम असतो आणि काही निव्वळ चुन्याचा. वरून दोन्हींवर सारखीच धूळ बसलेली असल्याने नजरेवर विसंबू नये. हातभर खड्डा खणून त्यातला दगड जसा होता तसाच उचलावा आणि उलटा करून त्याची खालची बाजू पाहावी. चुनखडीच्या जमिनीत तिथे पांढरा, खरबरीत लेप दिसतो, कारण झिरपणारे पाणी दगडाखाली थबकते आणि सुकताना चुना तिथेच सोडून जाते. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की फेस येतो. घरचा व्हिनेगरही चालतो, मात्र त्याचा फेस मंद असल्याने कान जवळ नेऊन ऐकावे लागते. दगड आणि बारीक माती यांची परीक्षा वेगवेगळी करावी. चुना फक्त खड्यांत असेल तर पिकाला त्याचा त्रास कमी होतो. बारीक मातीत मिसळलेला चुना खरा जाचक.

याच अज्ञानापायी मी स्वतः एक वर्ष गमावले. इकडून काजूची कलमे नेऊन माळावर लावली. पहिल्या पावसाळ्यानंतर नवी पालवी पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या; तिकडचे शेतकरी याला केवडा म्हणतात. गोव्याच्या सवयीने मी ‘माती आंबट झाली असेल’ असे धरून बुंध्याशी चुना घातला. जिथे चुन्यानेच लोह अडवून धरले होते, तिथे मी आणखी चुना दिला! पुढे एका दुकानदाराने दिलेले ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेले लोह) मातीत घातले. त्याचाही उपयोग झाला नाही, कारण सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्ल-अल्कपणाचे माप) 7 च्या वर गेला की ते टिकत नाही. अशा जमिनीत ईडीडीएचए प्रकारचेच लोह तग धरते. तातडीचा उपाय म्हणून लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून ऊन उतरल्यावर पालवीवर फवारावे. पण नवी पाने पुन्हा पिवळी येतात, म्हणून फवारणीही पुन्हा करावी लागते. खरे उत्तर झाड बदलणे हेच आहे: बोर, बाभूळ, हिवर ही झाडे या मातीत रुळलेली आहेत. काजूचा हट्ट धरू नये, हे मी कळकळीने सांगतो.

गंधक घालून सगळा चुना मारून टाकण्याचा सल्लाही मिळतो. त्याचा हिशेब आधी करून पाहावा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात सुमारे 2250 टन माती असते. तिच्यात 10 टक्के चुना धरला तर तो 225 टन होतो, आणि तो संपवायला सुमारे 72 टन गंधक लागेल. एवढा खर्च कोणत्याही माळाला परवडत नाही. जिप्समचेही तसेच. ते सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीचे औषध आहे, सामू 8.5 च्या वर गेला असेल तर सोडियमची तपासणी करून घ्यावी, एरवी जिप्समच्या वाटेला जाऊ नये.

नमुना गोव्याच्या प्रयोगशाळेत देणार असाल तर तो चुनखडीच्या जमिनीचा आहे हे आवर्जून सांगा. आम्ल मातीसाठी वापरली जाणारी ब्रे पद्धत चुनखडीच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते, कारण तिच्यातले आम्ल चुन्यावरच खर्ची पडते. अशा मातीला ओल्सेन पद्धत हवी. सामूसोबत मुक्त चुन्याचे प्रमाणही मागून घ्यावे. आणखी एक गोष्ट सहज निसटते: प्रयोगशाळा 2 मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडलेलीच माती तपासते. तुमच्या 10 किलो मातीतले 4 किलो खडे चाळणीवर राहिले, तर तो अहवाल उरलेल्या 6 किलोंचा असतो. त्यातले हेक्टरी आकडे आणि ओल धरण्याची क्षमता ढोबळमानाने त्याच प्रमाणात कमी धरावी.

खतांबाबत थोडक्यात एवढेच, की आपल्या आम्ल मातीत हळूहळू विरघळणारे रॉक फॉस्फेट तिथे जवळजवळ निरुपयोगी ठरते, आणि युरिया मातीवर उघडा पडला तर त्यातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. तो मातीआड करावा.

जेसीबीने खोल खड्डे घेतल्यावर खालची पांढरी माती वर येते आणि बहुतेक वेळा तीच खड्ड्यात परत लोटली जाते. वरची काळसर माती आधी बाजूला काढून ठेवावी, खड्डा तिनेच आणि शेणखताने भरावा, आणि पांढरा ढीग बांधावर टाकावा.

माळ ‘स्वच्छ’ करण्यासाठी आम्ही एकदा मजूर लावून खडे वेचायला घेतले होते. शेजारचे मेंढपाळ तात्या बांधावर थांबून म्हणाले, “पाव्हणं, वरचा खडा उचलू नका, त्यानंच ओल राहती.” त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. सुटे पडलेले खडे थेंबांचा मार झेलतात, वाहत्या पाण्याला अडवतात आणि बाष्पीभवन कमी करतात. खडे उचललेल्या पट्ट्यावर पहिल्याच वळवात पापुद्रा धरला आणि पाणी जिरण्याऐवजी वाहून गेले. शेजारच्या न वेचलेल्या पट्ट्यात मात्र बोटभर खाली ओल लागत होती.

गवताचे बी पेरतानाही हेच लक्षात ठेवावे. जूनच्या पहिल्या सरीवर गोव्यात निर्धास्त पेरता येते. तिकडे त्या सरीनंतर वाऱ्याचे कोरडे दिवस लांबतात आणि पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात येतो. खडकाळ माती ओल फार दिवस धरत नसल्याने उगवलेले कोंब वाळून जातात, म्हणून सगळे बी एकदम न टाकता थोडे राखून ठेवावे. मारवेल, पवन्या किंवा अंजन गवताचे बी खड्यांच्या आडोशाला टाकावे, आणि पहिल्या वर्षी बी पिकून गळेपर्यंत त्या भागात जनावर सोडू नये.