आधी घड्याळ बघा, मग होस्ट

मालवणात मिरग लागला की माझ्या शेडमधलं रंगकाम थांबतं. पत्रा ठोकणं चालू राहतं, पण लाइट गेली की वेल्डिंगही बंद. मग माझ्याकडची दोन पोरं मोबाइलवर आधीच उतरवून ठेवलेले गाड्या बांधण्याचे शो लावतात. एक ‘व्हीलर डीलर्स’वाला, दुसरा ‘ओव्हरहॉलिन’वाला. वर पत्र्यावर पाऊस वाजत असतो आणि त्याच्यावर आवाज चढवून दोघं भांडतात. शेवटी प्रश्न माझ्याकडे येतो, “काका, तुमका एड आवडता की नवो?” एड म्हणजे ‘व्हीलर डीलर्स’चा जुना मेकॅनिक एड चायना, आणि नवो म्हणजे त्याच्या जागी आलेला.

मी २६ वर्षं पत्र्याचं काम करतो आहे. जास्त करून मासळीचे टेम्पो, अधूनमधून एखादी जुनी फियाट किंवा जीप. हे शो मी मनापासून बघतो. होस्टपासून तुलना सुरू केली की ती कधीच मिटत नाही, हे मला या भांडणांतून कळलं. होस्टला काय करायला मिळणार हे शोचा साचा ठरवतो. म्हणून साचा आधी तपासायचा, माणूस नंतर. माझी पद्धत सांगतो.

घड्याळाच्या रेघा मारा

कागदावर दोन रकाने करा. पहिल्या पंधरा मिनिटांत “इतके दिवस उरले” असं कोणी म्हटलं की डावीकडे रेघ. एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट दाखवलं, म्हणजे बोल्ट सोडला, भाग काढला, दोष दाखवला, नवा बसवला, की उजवीकडे रेघ.

‘ओव्हरहॉलिन’ २००४ साली सुरू झाला. मालकाला फसवून गाडी पळवायची आणि गाड्यांचा डिझायनर चिप फूज व त्याच्या फौजेने ती आठवड्यात नवी करून द्यायची, हा साचा. जेसी जेम्सच्या ‘मॉन्स्टर गॅरेज’लाही सातच दिवस. अशा शोमध्ये डावा रकाना भराभर भरतो. त्यात होस्टचं कामच मुळी धावपळ पेटती ठेवणं असतं, मग तो कितीही कसबी असो. पण घाईतही बघण्यासारखं एक असतं. चिप फूज गाडीला हात लावण्याआधी हाताने चित्र काढतो. बोनेटपासून डिकीपर्यंत एक रेघ कशी वाहते ते तो कागदावर ठरवतो आणि मगच ग्राइंडर चालतो. माझ्या ‘ओव्हरहॉलिन’वाल्या पोराला मी सांगितलंय, धावपळ पुढे ढकल, चित्राचा भाग परत परत बघ.

दुसऱ्या टोकाला ‘प्रोजेक्ट बिंकी’. इंग्लंडमधल्या निक ब्लॅकहर्स्ट आणि रिचर्ड ब्रनिंग या जोडीने जुन्या ऑस्टिन मिनीत टोयोटा सेलिका जीटी-फोरचं इंजिन आणि चारही चाकं फिरवणारी यंत्रणा बसवायला घेतली. पहिला भाग २०१३ चा. पुढे वर्षानुवर्षं ते तेच करत राहिले. एक ब्रॅकेट बनवायचं, तपासायचं, मनासारखं झालं नाही तर परत बनवायचं. तिथे डावा रकाना कोराच राहतो. ज्याला पत्र्याचं काम शिकायचंय त्याला मी आधी हा शो दाखवतो.

मजुरी स्वतः मांडा

‘व्हीलर डीलर्स’ २००३ साली सुरू झाला. माइक ब्रूअर गाडी घासाघीस करून घेतो, मेकॅनिक ती दुरुस्त करतो, माइक विकतो. विक्रीची किंमत, वजा गाडीची किंमत आणि सुट्या भागांचा खर्च, म्हणजे नफा. हिशेब पडद्यावर येतो, पण मेकॅनिकचे तास त्यात धरत नाहीत. शो बघून जुनी गाडी घ्यायला निघालेल्याने हे लक्षात ठेवायलाच हवं.

मी काय करतो, तर भाग संपला की मजुरी माझ्या दराने घालतो. दरवाजाखालच्या दोन्ही पेट्या, म्हणजे दारांखालून लांबीभर जाणारे पत्र्याचे पोकळ भाग, कापून नव्या बसवायच्या तर माझ्याकडे मिस्त्री आणि मदतनीस मिळून चार दिवस जातात. मिस्त्रीचे हजार, मदतनीसाचे सहाशे, म्हणजे चार दिवसांचे ६,४०० रुपये. त्यात पत्रा, गॅस, डिस्क वेगळे. एवढं मांडलं की पडद्यावरचा नफा कितीतरी वेळा पुसला जातो. तरी या शोवर माझा जीव आहे, कारण पैशाचं गणित अर्धवट असलं तरी कामाचं गणित त्यांनी पूर्ण दाखवलं. निदान बरीच वर्षं तरी.

आवाज बंद करून हात बघा

आता होस्ट. आवाज बंद करा आणि दहा मिनिटं फक्त हात बघा. कोणाचे हात कामात आहेत? काही अडलं, गंजलेला बोल्ट तुटला, तर कॅमेरा तिथेच थांबतो की पळतो?

एड चायनाचे नारिंगी हातमोजे आवाजाशिवायही सगळं सांगतात. भाग हातात धरून कॅमेऱ्यासमोर आणतो, झिजलेली जागा बोटाने दाखवतो, नवा शेजारी ठेवतो. उंच माणूस, पण छोट्या गाडीच्या पोटात शिरून काम करतो. १९९८ मध्ये त्याने चाकांवरचा सोफा ताशी १४० किलोमीटरने पळवून विक्रम केला होता, इतकी त्याला बांधण्याची आवड. मार्च २०१७ मध्ये त्याने शो सोडत असल्याचं जाहीर केलं. कारण त्याने स्वतःच सांगितलं, नव्या निर्मात्यांना वर्कशॉपचा भाग कमी करायचा होता आणि त्याला तो दर्जाशी तडजोड करण्यासारखा वाटला. माझं म्हणणं इथेच सिद्ध होतं. साचा बदलायला लागला तेव्हा होस्ट निघून गेला.

त्याच्यानंतर आलेला अँट अँस्टेड हा गाड्या बांधणारा माणूस, त्याच्यानंतरचा मार्क ‘एल्व्हिस’ प्रीस्टली फॉर्म्युला वनमध्ये मॅकलारेनचा मेकॅनिक होता. दोघांचे हात तयार आहेत. त्यांची एडशी तुलना करायची तर एकाच कामाची करा, ब्रेकचं ब्रेकशी, गिअरबॉक्सचं गिअरबॉक्सशी. एडचा उत्तम भाग आणि अँटचा पहिलाच भाग शेजारी ठेवून निकाल देणं बरोबर नाही. मी तीन कामं अशी जोडून बघितली. अँट नवा भाग घडवताना जास्त खुलतो. जुना भाग का बिघडला हे समजावण्यात मात्र एडच्या पुढे मला कोणी दिसला नाही. पोराला मी हेच उत्तर दिलं.

सगळ्याच होस्टना ही परीक्षा लावू नका. ‘पिंप माय राइड’चा एक्झिबिट हा रॅपर. त्या साच्याने त्याच्याकडे पाना मागितलाच नव्हता. दारात उभं राहून मालकाच्या आनंदात सामील व्हायचं, ते तो मनापासून करतो.

त्यांच्या हवेकडे लक्ष द्या

तुलना करताना हे कोणी बघत नाही, आणि आपल्याकडे तर तेच आधी बघायला हवं.

‘फास्ट अँड लाउड’ टेक्सासमधल्या डॅलसचा. डेव्ह किंडिगचा ‘बिचिन राइड्स’ युटामधल्या सॉल्ट लेक सिटीचा, कोरड्या मुलखातला. त्यांच्या जुन्या गाड्यांचा पत्रा चाळीस-पन्नास वर्षांनीही कितीदा शाबूत निघतो. ते रंगावर वेळ देतात, आणि किंडिगकडचा रंग डोळ्यांचं पारणं फेडतो. पण तसा रंग आपण जुलैत मारायला गेलो तर फसतो. साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग ओल्या हवेत मारला की थिनर उडताना पत्र्याचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढरट होतो. पुट्टी पाणी धरते. ती पूर्ण सुकण्याआधी वर रंग चढला तर काही महिन्यांत फोड येतात.

इंग्लंडचे शो आपल्याला जवळचे. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, वरून सतत ओल. त्यामुळे टिम शॉ आणि फझ टाउनशेंड यांच्या ‘कार एसओएस’मध्ये गाडी उचलली की दरवाजाखालच्या पेट्या, चाकांच्या कमानी, सीटखालचा पत्रा खाल्लेला दिसतो. आपल्याकडे ते मीठ समुद्राच्या वाऱ्यातून येतं. मासळीच्या टेम्पोत तर बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट चॅसिसवर गळतं. कारण वेगळं, पण गंज त्याच जागी लागतो. फझ कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जातो आणि मगच नवा तुकडा जोडतो. हे कापत जाणं बघा. आपल्याकडे भोकावर जाळी, जाळीवर पुट्टी, पुट्टीवर रंग करून दिलेल्या गाड्या माझ्याकडे दरवर्षी येतात. मालकाने पूर्ण कामाचे पैसे दिलेले असतात आणि दोन पावसांत सगळं खाली येतं.

गाडीखाली जळकं ऑइल मारून घेणाऱ्यांना एक सांगतो. ऑइल रबरी बुश खराब करतं, आणि पेटीच्या आतला गंज बाहेरून मारलेल्या ऑइलने थांबत नाही.

गाडी कोणाची राहते ते विचारा

‘ओव्हरहॉलिन’ आणि ‘कार एसओएस’ दोन्ही मालकाला न सांगता गाडी नेतात. फरक परत देताना कळतो. चिप फूज देतो ती त्याच्या नजरेतून नव्याने उभी राहिलेली गाडी. ‘कार एसओएस’ आजारपणामुळे किंवा अडचणीमुळे ज्याची गाडी पडून राहिली त्याला तीच गाडी, जशी होती तशी, परत देतो.

मी दुसऱ्या बाजूचा का झालो, त्याला कारण आहे. कुडाळजवळच्या एका आजोबांची पद्मिनी त्यांच्या नातवाने माझ्याकडे आणली. आजोबांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. मी पत्रा आरशासारखा केला. आजोबा आले, गाडीभोवती फिरले आणि डाव्या दरवाजाखाली हात फिरवत राहिले. तिथे एक पोचा होता. करूळ घाटात दगड लागून आलेला, आजी शेजारी बसलेली असताना. मी तो भरून टाकला होता. त्यांनी माझं काम चांगलं म्हटलं, पैसे दिले. हात मात्र तिथेच होता. त्यानंतर मी कुठलाही पोचा काढण्याआधी मालकाला विचारतो.

बघून स्वतः काही करायचं मनात आलं, तर इंजिन बदलणं, गाडीची बांधणी बदलणं यासाठी आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. बिंकीसारखी गाडी इथे बांधली तर ती कागदावर बसवणं हेच मोठं काम होईल.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल, तर ‘कार एसओएस’चा पेट्या कापण्याचा एखादा भाग बघा. मग टॉर्च आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतःच्या गाडीखाली जा. दरवाजाखालच्या पेटीला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला. खणखणीत वाजलं तर पत्रा आहे. बद्द वाजलं तर टोकाने हलकेच दाबून बघा. पेटीच्या तळाला पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती आपल्याकडच्या तांबड्या मातीने बुजतात. तारेने मोकळी करा. हे मे महिन्यात करा, म्हणजे काही सापडलंच तर रंगाला कोरडे दिवस हातात राहतील.