जिवंत पेशी घरच्या घरी कशी बघायची: कांदा, समुद्राचं पाणी आणि शहाळं

पेशीची आकृती आपण सगळ्यांनी काढलीय. बाहेर गोल रेघ, मधे केंद्रक, बाजूला तंतुकणिका, नावं द्या, मार्क घ्या. पण पेशी सतत काहीतरी काम करत असते आणि त्यातलं बरंच काम साध्या मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी दिसतं, ते बघायचं राहूनच जातं. म्हणून माझा आग्रह एकच आहे, पेशी आधी जिवंत बघा, रंग न घालता. पहिल्याच स्लाइडवर आयोडीन टाकायची सगळीकडे सवय आहे, त्याने केंद्रक छान उठून दिसतं हे खरं, पण आयोडीनने पेशी मरते, म्हणजे पोरांची पेशीशी पहिली ओळखच मेलेल्या पेशीशी होते. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे कप्पे बघून त्यांना 'सेल' म्हटलं त्या पण मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंतीच होत्या. आपल्याला त्याच्या पुढे जायचंय.

सामान फार लागत नाही. १० पट आणि ४० पट भिंग असलेला शाळेचा साधा मायक्रोस्कोप, डोळ्याचं भिंग १० पटीचं, म्हणजे एकूण १०० आणि ४०० पट. तो नसेल तर कागदाचा फोल्डस्कोप घ्या, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या टीमने केलेला, तो साधारण १४० पट मोठं दाखवतो, कांद्याला आणि हायड्रिला ह्या पाणवनस्पतीला तेवढं पुरतं. बाकी स्लाइड, कव्हरस्लिप, नवीन ब्लेड, चिमटा, ड्रॉपर, टिश्यू पेपर. आणि एक बाटली समुद्राचं पाणी, त्याचं काम पुढे आहे. हे पाणी पुळणीवरून भरा, खाडीतून नको, आणि पावसाळ्यात तर अजिबात नको कारण नदीचं पाणी मिसळून खारटपणा उतरलेला असतो. फडक्यातून गाळून घ्या.

सुरुवात कांद्यापासून. पहिल्या वेळी पांढरा घ्या, अलिबागचा मिळाला तर उत्तम. कांदा उभा चिरा, एक जाड पाकळी सुटी करा आणि तिच्या आतल्या म्हणजे खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने ओढा, तो लगेच सुटतो. नखाएवढा तुकडा पुरे. स्लाइडवर आधी पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा सुरकुती न पडता पसरायचा, मग कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडायची, धपकन टाकली की बुडबुडे येतात, आणि नवीन माणूस हमखास बुडबुड्यालाच पेशी समजतो. काळी जाड कड असलेली एकदम गोल वस्तू दिसली तर तो बुडबुडा.

आता महत्त्वाचं. रंग नाही म्हटल्यावर उजेड कमी करायला हवा. स्टेजच्या, म्हणजे स्लाइड ठेवतो त्या पाटीच्या, खालची उजेडाची झडप अर्ध्यापेक्षा जास्त बंद करा. भगभगीत उजेडात जिवंत पेशी काचेसारखी आरपार होते आणि काहीच दिसत नाही, मग लोक वैतागून आयोडीनची बाटली उघडतात. झडप बंद केली की विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात आणि फोकसचा बारीक स्क्रू मागेपुढे केला की भिंतीला टेकलेलं फिकट केंद्रक पण सापडतं. ते मधोमध का नाही? कारण पेशीचा बहुतेक भाग रिक्तिकेने म्हणजे पाण्याच्या पिशवीने व्यापलेला असतो आणि पेशीद्रव्य, केंद्रक सगळं कडेला दाबलं जातं. आकृतीत रिक्तिका छोटी काढतात तिथेच घोटाळा होतो. हिरवे ठिपके शोधू नका, कांदा जमिनीत वाढतो, त्याच्या पाकळीत हरितलवकं म्हणजे हिरवे कण नसतात.

पेशी केवढी आहे ते पण मोजून बघा, पोरांना ह्यात फार मजा येते. पारदर्शक पट्टी स्टेजवर ठेवून १०० पटीवर बघा, दिसणारं वर्तुळ साधारण पावणेदोन-दोन मिलिमीटर रुंद भरतं. त्या रुंदीत लांबीच्या बाजूने किती पेशी बसतात ते मोजायचं आणि भागायचं. वर्तुळ १.८ मिलिमीटर आणि पेशी ६, तर एक पेशी ०.३ मिलिमीटर.

पुढचं हायड्रिला. तळ्यात, संथ पाण्यात मिळतं, फिश टँकच्या दुकानातही मिळतं. शेंड्याजवळचं एक कोवळं पान त्याच पाण्याच्या थेंबात ठेवा, कापाकापी नको, पान पेशींच्या दोनच थरांचं असतं. स्लाइड थोडा वेळ उबदार उजेडात ठेवा आणि मग मधल्या शिरेजवळच्या पेशी ४०० पटीवर बघा. सुरुवातीला हिरवे दाणे गप्प बसलेले दिसतील, धीर धरा, नजर एकाच पेशीवर ठेवा, आणि मग दाणे भिंतीच्या कडेकडेने एकामागून एक फिरायला लागलेले दिसतात. दाणे स्वतः पोहत नाहीत, आतलं पेशीद्रव्यच वाहतं आणि ते हरितलवकांना घेऊन जातं. ह्या वाहण्याला ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका आपल्याला दिसत नसल्या तरी त्यांचं काम दिसत असतं. हे एकदा बघितलेलं पोर पेशीचं चित्र पुन्हा कधी स्थिर समजत नाही, म्हणून एकच स्लाइड दाखवायला वेळ असेल तर मी कांदा सोडून हायड्रिला दाखवीन.

आता समुद्राचं पाणी. ह्या वेळी लाल कांदा घ्यायचा आणि पापुद्रा बाहेरच्या फुगीर बाजूचा, जांभळा. हा रंग रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेला असतो, म्हणजे निसर्गानेच रंगवलेली जिवंत पेशी आयती मिळाली. साध्या पाण्यात स्लाइड करा, जांभळा रंग पेशीभर पसरलेला दिसेल. मग मायक्रोस्कोपमधून नजर न काढता कव्हरस्लिपच्या एका कडेला समुद्राच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिश्यू पेपर लावून आतलं पाणी शोषून घ्या. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पेशीतल्या रसापेक्षा ते कितीतरी खारट, म्हणून पेशीतलं पाणी बाहेर यायला लागतं. थोड्याच मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटून आत गोळा होतो, भिंत मात्र होती तिथेच राहते. भिंत आणि तो आकसलेला गोळा ह्यांच्या मधे जी कड दिसते ना, तिथे पेशीचं पटल आहे. एरवी ते भिंतीला चिकटलेलं असल्यामुळे वेगळं ओळखूच येत नाही. कैरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ते ह्याच कारणाने.

लगेच त्याच रीतीने गोडं पाणी सोडा. गोळा परत फुगतो आणि भिंतीला जाऊन टेकतो. जास्त वेळ खाऱ्यात ठेवलात तर पेशी मरतात आणि मग परत फुगत नाहीत, त्यामुळे इथे रेंगाळू नका.

ह्याला जोडून एक करायलाच हवं, नाहीतर प्रयोग अर्धा. तसाच पापुद्रा मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून मग स्लाइडवर घ्या आणि समुद्राचं पाणी सोडा. काही आकसणार नाही, रंग आधीच बाहेर पाझरून गेलेला असेल. भिंती तशाच आहेत, चौकटी तशाच आहेत, पण काय आत ठेवायचं आणि काय बाहेर सोडायचं हे ठरवणारं पटल फाटलंय. जिवंत आणि मेलेल्यातला फरक इतका स्पष्ट दुसऱ्या कशात मला तरी दाखवता येत नाही.

इथे पोरं हमखास विचारतात, मग खाडीतली झाडं कशी जगतात? प्रश्न एकदम बरोबर आहे. कांदळ मुळापाशीच बरंचसं मीठ अडवतं. तिवर मीठ आत घेतं आणि पानांवरच्या खास ग्रंथींतून बाहेर टाकतं, कोरड्या दिवशी तिवराच्या पानावर हात फिरवा, मिठाचे कण लागतात. आत राहिलेलं मीठ रिक्तिकेत कोंडलं जातं आणि पेशीद्रव्यात पाणी धरून ठेवणारे दुसरे पदार्थ साठवले जातात, म्हणून खाऱ्या पाण्यात उभं राहूनही ह्या पेशी कांद्यासारख्या आकसत नाहीत. पानं जागेवरच भिंगाने बघा, कांदळवनातल्या फांद्या मोडू नका.

प्राण्यांची पेशी पटकन उरकू. स्वच्छ इअरबड आपल्याच गालाच्या आतून हलकेच फिरवायचा, दुसऱ्याचा वापरायचा नाही. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण १ ग्रॅम मीठ घालून त्याचा थेंब घ्या आणि त्यात तो बड घोळवा. पेशी वेड्यावाकड्या, पातळ, कधी कड दुमडलेल्या दिसतात कारण भिंतच नाही. इथे मिथिलीन ब्लू हा निळा रंग चालेल, त्यातल्या बऱ्याच पेशी तशाही झडून जाणाऱ्या असतात. काम झालं की स्लाइड ब्लीचच्या पाण्यात टाका.

पेशीतून पेशी कशी होते त्यासाठी परत कांदा. पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते हे जर्मन डॉक्टर विरखोने १८५५ मध्ये ठामपणे मांडलं, आणि ते कांद्याच्या मुळाच्या टोकाशी समोर दिसतं. कांदा ग्लासवर असा ठेवा की बूड पाण्याला जेमतेम टेकेल, काही दिवसांत पांढरी मुळं सुटतात. सकाळच्या वेळी मुळाचं शेवटचं १-२ मिलिमीटर टोक कापायचं, एवढंच, कारण विभाजन तिथेच चालू असतं. पुढचं काम शाळेच्या लॅबमध्ये बाई किंवा सरांसोबतच करा: टोक अल्कोहोल आणि अॅसेटिक अॅसिडच्या मिश्रणात मुरवायचं, सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये थोडं गरम करून मऊ करायचं, अॅसिटोकार्मिन हा लाल रंग घालायचा आणि कव्हरस्लिपवर अंगठ्याने सरळ दाब द्यायचा, घासायचं नाही. इथे पेशी मारावीच लागते, गुणसूत्रं रंगवल्याशिवाय नीट दिसत नाहीत, माझी त्याला हरकत नाही कारण जिवंत बघून झालेलं आहे. बहुतेक पेशी साध्याच दिसतील. चिकाटीने शोधलं की कुठे गुणसूत्रं मधल्या रेषेवर आलेली, कुठे दोन बाजूंना ओढली जाणारी, कुठे मधे नवी भिंत पडायला लागलेली अशा सापडतात. कांद्यात ती १६ असतात, दोन्ही नव्या पेशींना पुन्हा १६-१६ मिळतात.

एक मूळ न रंगवता लांबीभर पण बघा. टोकाला पेशी बारक्या चौकोनी, थोडं वर गेलं की लांबट. मूळ लांब होतं ते नुसत्या विभाजनाने नाही, वरच्या पेशी रिक्तिकेत पाणी भरून ताणल्या जातात म्हणूनही. आणखी वर काही पेशींना मूळरोम म्हणजे केसासारखे बारीक तंतू फुटतात. म्हणजे एकाच मुळावर जन्म, वाढ आणि कामाची वाटणी ओळीने लावलेली आहे.

आणि आता आपल्या परसातला नारळ, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. शहाळ्यातलं पाणी म्हणजे बीच्या पोषणाचा द्रवरूप ऊतक आहे. सुरुवातीला ह्यात केंद्रकं एकामागून एक दुप्पट होत जातात पण मधे भिंती पडतच नाहीत, नुसती केंद्रकं त्या पाण्यात मोकळी. नंतर कडेला भिंती पडायला लागतात, पेशी तयार होतात आणि करवंटीच्या आतून थर बसतो, तीच मलई, आणि तीच जून झाली की खोबरं. हा थर आधी डोळ्यांच्या विरुद्ध टोकाला धरतो. अगदी कोवळं शहाळं उभं कापून घेतलंत तर पातळ जेलीसारखी मलई खालच्या बाजूला दिसेल आणि वर अजून काहीच नसेल. नारळाच्या झाडाच्या पेशीत गुणसूत्रं ३२, पण मलई-खोबऱ्यात आईकडून दोन वाटे आणि बापाकडून एक वाटा आलेला असतो म्हणून ४८.

बघायचं असं: कोवळं, मध्यम आणि जून अशी तीन फळं घ्या. मलईचा मुगाएवढा कण पाण्याच्या थेंबात हलकेच दाबा, पातळ भिंतीच्या नाजूक पेशी दिसतात. जून खोबऱ्याचा ब्लेडने जमेल तितका पातळ काप घ्या, भिंती जाड आणि आजूबाजूला चकचकीत कडेचे गोल थेंब, ते तेल. बाजूला बटाट्याचा काप आयोडीन घालून ठेवा, त्यात निळेकाळे स्टार्चचे दाणे उठतील. दोघांचं काम रोपट्यासाठी शिदोरी साठवण्याचं, पण एकाने तेल साठवलं आणि एकाने पिठूळ स्टार्च. रुजलेला नारळ फोडलात तर आत गोड भुसभुशीत गोळा मिळतो, तो कोंबाचाच भाग, खोबरं शोषून वाढणारा.

ह्याच नारळाच्या पाण्याने पेशीविज्ञानात मोठं काम केलंय. १९४१ मध्ये धोतऱ्याचे अगदी छोटे भ्रूण काचेच्या भांड्यात वाढवायला ते वापरलं गेलं, आणि १९५८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ स्टुअर्ड यांनी गाजराच्या मुळातल्या पेशी नारळाचं पाणी घातलेल्या पोषकद्रवात वाढवून त्यातून अख्खी रोपं उभी केली. म्हणजे गाजराच्या एका साध्या पेशीत सबंध गाजर करण्याची माहिती शाबूत असते, फक्त ती जागी करावी लागते. आज केळीची टिश्यू कल्चरची रोपं वाडीत लावतो ती ह्याच तत्त्वावर तयार होतात.

काय दिसणार नाही तेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरं हिरमुसतात. उजेडाच्या मायक्रोस्कोपची मर्यादा साधारण ०.२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रायबोसोम म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणारे कण त्याहून खूप बारीक, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. तंतुकणिका मापाने जेमतेम बसतात पण खास रंगाशिवाय ओळखता येत नाहीत.

मायक्रोस्कोप आपल्या हवेत जपावा लागतो. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते आणि खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतात. वापरून झाला की समुद्राच्या पाण्याचा थेंब स्टेजवर राहिलेला नाही ना ते बघा, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा, भिंगाला फक्त लेन्सचा कागद लावा, शर्टाचं टोक नको. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि रंग बदलणारी सिलिका घेतली असेल तर रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून कोरडी करून परत डब्यात टाका.